स्टेजवरचं कार्ड आणि काउंटरवरची लाज

"तिन्ही नळ्या बंद आहेत," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पडद्यावर आमच्या ह्यांचं काळीज दाखवलं. करड्या रंगाचं, धडपडत हलणारं. "ट्रिपल व्हेसल डिसीज."

म्हणजे काळजाला रक्त पुरवणाऱ्या तीन मोठ्या नळ्या असतात आणि तिन्हीत गाळ बसलेला. ठिबकच्या नळ्या क्षार धरून बसतात ना, अगदी तसं. ठिबकमध्ये आपण ॲसिड सोडतो आणि मोकळं होतो. काळजात सोडता येत नाही.

"बायपास लागेल," डॉक्टर म्हणाले. "फार दिवस काढू नका."

बायपास म्हणजे पायातली शीर काढून काळजावर जोडायची, बंद पडलेल्या नळीला वळसा घालून. गावातला रस्ता तुंबला की बाहेरून रस्ता काढतात, तेच. मला हे तिथल्या तिथं कळलं. पण बायपास व्हायच्या आधी त्या दवाखान्यात जे जे बघितलं त्याची शिसारी अजून गेली नाही. जेवायला बसल्यावरसुद्धा मध्येच आठवतं आणि घास फिरतो. म्हणून लिहायला बसले.

दवाखाना बारामतीतला, खासगी. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, तो एकच नासका होता, आम्ही दुसरीकडं जाऊ. आणि खरं सांगायचं तर निम्मी घाण आम्ही आमच्या गावाहून, निरवांगीहून, गाडीत घालूनच नेली होती.

आधी काय झालं ते सांगते. आमचे हे सत्तरी ओलांडलेले, पण डाळिंबाच्या बागेत दिवसभर उभे. उन्हाळ्यात मधूनमधून बांधावर बसायला लागले. विचारलं की म्हणायचे, "पित्त झालंय." सोडा प्यायचे, ढेकर काढायचे, उठायचे. मग डाव्या खांद्यातून कळ यायला लागली. मी तेल लावून चोळलं. बायांनो, माणूस चालल्यावर दमतो, बसल्यावर बरा होतो आणि खांदा-जबडा दुखतो म्हणतो, तर तेल चोळत बसू नका. ते पित्त नसतं.

एक दिवस सकाळी बागेतल्या कोठीपासून घरापर्यंत यायला जमेना. घामानं सदरा पिळून काढावा इतका भिजलेला. पोरगा कंपनीच्या कामानं गुजरातेत. मग धाकटे दीर, आप्पा भावजी, पांढरी गाडी घेऊन आले. पोरानं फोनवर सांगितलं, "आप्पा म्हणतील तसं करा." तिथंच आमचं चुकलं.

आता कार्डाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सत्तरीच्या पुढच्या माणसांना सरकारचं आयुष्मान कार्ड मिळतं. श्रीमंत-गरीब बघत नाहीत, रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत. आधारवर सत्तर पुरी झालेली दिसली की झालं. ह्यांनी ते काढलेलं होतं. काढलेलं म्हणजे काय, इंदापुरात मोठा कार्यक्रम होता, स्टेज, मंडप, हार. पुढाऱ्याच्या हातून कार्ड घेतानाचा ह्यांचा फोटो आहे, फेटा बांधलेला. तो फोटो आप्पांनी महिनाभर स्टेटसला ठेवला होता. "आमच्या बापूचा सत्कार झाला," असं गावभर सांगितलं. कार्ड म्हणजे सत्कार! घरी आल्यावर ते नारळ-शालीबरोबर कपाटात गेलं. मीच काढून माझ्या पिशवीत ठेवलं होतं, म्हणून निदान हाताशी तरी होतं.

दवाखान्यात पोचलो. ह्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "योजना की कॅश?"

आप्पा भावजी भाजीच्या लिलावात बोली लावावी तसे ओरडले, "कॅश! आमी काय योजनेतली मानसं दिसतो का?"

आजूबाजूच्या लोकांनी वळून बघितलं. आमचे हे छाती धरून वाकलेले, ते सुद्धा खुर्चीत जरा ताठ झाले. मी ते बघितलं. मरणाच्या दारात माणसाला एवढं सरळ बसायचं सुचतं.

मी पिशवीची चेन उघडली. तशी भावजी दात आवळून म्हणाले, "वहिनी, आत ठेवा ते. चारचौघांत काय काढताय?"

जसं काही मी लुगडंच सोडत होते.

त्यांनी एका कागदावर सही ठोकली. 'योजनेचा लाभ नको आहे' असं त्यावर छापलेलं होतं, हे मला नंतर कळलं. घाईघाईत पुढ्यात सरकवलेल्या कागदांत तो मधोमध घातलेला असतो. वाचू देत नाहीत. "पेशंट सिरीयस आहे ना, मग पटकन करा," म्हणतात.

मग ॲन्जिओग्राफी झाली. मनगटातून बारीक नळी काळजापर्यंत घालतात आणि रंग सोडून फोटो काढतात. माणूस जागा असतो. त्यानंतर डॉक्टरांनी तो पडदा दाखवला, तो मी सुरुवातीला सांगितला.

बायपासचे सर्जन पुण्याहून ठरलेल्या दिवशी यायचे. त्याच्या आधी अनामत भरली तरच यादीत नाव. भावजी म्हणाले, "त्येची काळजी सोडा. उद्या आनतो." आणि गाडी घेऊन गेले.

आणि आम्ही बसलो वाट बघत.

त्या दवाखान्याच्या वेटिंगबद्दल काय लिहू? खाली संगमरवर, रिसेप्शनवर काचेचं कारंजं, आणि वर बायकांच्या संडासात गुटख्याच्या पुड्यांनी नळी तुंबलेली. पाय कुठं ठेवायचा कळायचं नाही. मी पदर नाकाला लावून जायची आणि दिवसभर पाणी प्यायची नाही, परत जावं लागू नये म्हणून. कोपऱ्यात गणपतीची मूर्ती, तिच्यापुढं दानपेटी. आणि तिच्याशेजारी ज्यांच्या घरचं माणूस नुकतंच गेलंय अशा बायका भिंतीला टेकून. त्यांना कुणी 'उठा'ही म्हणत नव्हतं, 'बसा'ही म्हणत नव्हतं.

भेटायला येणारे पाहुणे हा तर दुसरा आजार. बिस्किटाचे पुडे, शहाळी, केळी. आल्या आल्या एकच प्रश्न, "स्पेशल रूम हाय ना?" मग एसी चालू आहे का हात वर करून बघायचे. एक चुलत नणंद तर पलंगाचा दांडा फिरवून, ह्यांना वर-खाली करून बघत होती. कळ येते का, झोप लागते का, हे एकानं विचारलं नाही. ह्यांच्या जिभेखाली सॉर्बिट्रेट धरलेली असायची, म्हणजे छातीत कळ आली की लगेच धरायची गोळी. आणि हे लोक तिथं बसून कुणाच्या लग्नात किती पंगती उठल्या ते बोलायचे.

दवाखान्याचा एक साहेब होता, पीआरओ म्हणतात. अंगाला अत्तर, बोलायला साखर. मी त्याला हळूच विचारलं, "बाळा, आमच्याकडं कार्ड हाय. बसंल का त्यात?"

तो माझ्याजवळ वाकून म्हणाला, "आजी, तुमचे पेशंट व्हीआयपी. योजनेत कशाला ढकलताय? तिथं सामान हलकं वापरतात. नंबर लागायला महिना जातो. त्यात सध्या निधीच नाही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बापूंसारख्या माणसाला शोभत नाही ते."

ह्यांना बापू म्हणतात हे त्याला कुणी सांगितलं? आल्या दिवशीच त्यानं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. आमच्या माणसांची नस डॉक्टरांच्या आधी ह्या लोकांना सापडते.

भावजी दुसऱ्या दिवशी आले नाहीत. फोन केला, लागला नाही. परत केला, बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. पांढरी गाडी फिरवणारा माणूस क्षेत्राच्या बाहेर! सर्जन आले, ज्यांची अनामत भरली होती त्यांचं ऑपरेशन करून गेले. सिस्टरनं सांगितलं, "तुमचं पुढच्या वेळेला ढकललंय." इतकं सहज, बस चुकली असावी तसं.

त्या दुपारी ह्यांना बसल्या जागी कळ आली. आता चालायचीसुद्धा गरज राहिली नव्हती. तोंड राखेसारखं झालं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजी, आता पुढची वेळ चुकवून चालणार नाही, हे लक्षात घ्या. मी पैशाचं बोलत नाही, मी हार्टचं बोलतोय."

मी उठले आणि विचारत विचारत खाली गेले. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचं माणूस बसवलेलं असतं, कार्डवाल्यांना वाट दाखवायला. त्याची पाटी दारात पाहिजे. इथं ती पाण्याच्या मशीनच्या मागं होती, तीही अर्धी झाकलेली. तिथं एक मुलगी डबा खात बसली होती. मला बघून तिनं डबा मिटला.

"आजी, कार्ड आहे तर पहिल्याच दिवशी का नाही आलात?"

"यिऊ दिलं न्हाय गं."

तिनं कॉम्प्युटरवर बघितलं. बायपास ह्या दवाखान्याच्या यादीत होता. हे बघून घ्यायचं बरं का, एखाद्या दवाखान्यात कार्ड चालतं म्हणजे तिथं सगळ्याच आजारांना चालतं असं नसतं. मग ती म्हणाली, "नको म्हणून सही केलीय, ती मागं घेता येईल. पण पेशंट शुद्धीवर आहेत. त्यांनी स्वतः सांगायला पाहिजे. दिरांचं चालणार नाही, तुमचंही नाही."

म्हणजे आता सगळं ह्यांच्या तोंडातून एक शब्द निघण्यावर आलं.

वर गेले. सांगितलं. हे भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "न्हाय. लोक काय म्हनतील? बापूला योजनेत घातला. समद्यांफुडं कॅश म्हनून झालंय आता."

मला संताप आला. मी म्हटलं, "लोक काय म्हनतील ते सांगू का? तेराव्याला जिवून जातील आन् बुंदी वाइच कडक झाली म्हनतील. त्यापलीकडं काय म्हननार न्हाईत."

"तोंड आवर."

"आवरते. तुमी येकदा कायमचं आवरलं की मग मला आवरायचंच हाय."

मला वाटलं, संपलं. हा माणूस मान सांभाळून मरणार.

संध्याकाळी आप्पा भावजी उगवले. हातात शहाळं. "आरं, काय न्हाय हुत बापू, वाघ हायस तू," म्हणून खुर्ची ओढली. स्ट्रॉ ह्यांच्या तोंडाजवळ नेली.

ह्यांनी तोंड फिरवलं. दम लागत होता, तुटक तुटक बोलले. "आप्पा, काउंटरवर कॅश म्हनलास. ती कुनाची हुती?"

"म्हंजी?"

"तुजी हुती का माजी?"

भावजींनी आधी माझ्याकडं बघितलं, मग शहाळ्याकडं. "आता आसं काय इचारतोस? तुजीच की! तुजी इज्जत राखाया बोललो मी. बाग उतरली की जुळवू, थोडं थांब."

बागेतली डाळिंबं उतरायला दिवाळी उजाडणार होती.

आमच्या ह्यांनी शहाळं हातानं बाजूला सारलं. मग मला म्हणाले, "त्या पोरीला वर बोलव. काय बोलायचं ते बोलतो मी."

ती आली. ह्यांनी तिला नीट सांगितलं, योजनेतून करायचं. भावजी मध्ये बोलायला गेले तर हे म्हणाले, "आप्पा, शहाळं घिऊन जा घरी. पोरं पितील."

मग प्री-ऑथ. म्हणजे दवाखाना तुमचे सगळे रिपोर्ट योजनेच्या ऑफिसला पाठवतो आणि तिथून मंजुरी येते. आधार, कार्ड, पेशंटचा फोटो, एवढंच आमच्याकडून. निधी नाही, महिना लागतो, हे सगळं खोटं निघालं. आमची मंजुरी सर्जनच्या पुढच्या फेरीच्या आत आली. फोनवर मेसेज वाजला, तो मी त्या आरोग्यमित्र मुलीकडून परत परत वाचून घेतला.

पण त्या पीआरओनं सूड घेतला. मंजुरी आल्या आल्या ह्यांना स्पेशल रूममधून जनरल वॉर्डात हलवलं. हलवायला माझी ना नव्हती, योजनेत जनरलच असतो. पण अंगावरची चादर त्यानं माझ्यासमोर काढून घेतली. "ही रूमची आहे," म्हणाला. साखर, अत्तर, सगळं कुठं गेलं देव जाणे. वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलायला चहापाणी मागत होता. औषधाची चिठ्ठी हातात दिली, "बाहेरून आणा." मी ती चिठ्ठी घेऊन सरळ पाण्याच्या मशीनच्या मागं गेले. मुलीनं फोन उचलला, दोन वाक्यं बोलली आणि औषधं आतूनच आली. ऐकताय ना? मंजूर झालेल्या इलाजाला एक रुपया द्यायचा नाही. मागितला तर चिठ्ठी फाडू नका, भांडू नका, ती तशीच आरोग्यमित्राला दाखवा. तिथं काम झालं नाही तर कार्डावर फुकट फोनचा नंबर असतो.

ऑपरेशनच्या दिवशी सर्जन मला दारात भेटले. मी विचारलं, "सायेब, सामान हलकं वापरता का वो कार्डवाल्यांना?"

ते चिडले. "कोण म्हणतं असं?" मग माझ्या तोंडाकडं बघून शांत झाले. "आजी, ह्यांचीच शीर ह्यांनाच जोडायची आहे. हलकी-भारी मी कुठून आणू?"

दुपार टळून गेल्यावर दार उघडलं. "झालं. व्यवस्थित," इतकंच म्हणाले. मी खाली फरशीवरच बसले.

आयसीयूत व्हेंटिलेटर होता, म्हणजे श्वास मशीन घेतं, नळी घशात असते आणि माणसाला बोलता येत नाही. घाबरू नका, ती काढतात. मग छाती जपायची. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. एक प्लास्टिकचं खेळणं देतात, आत तीन गोळे, ते श्वास ओढून वर उचलायचे. आमच्या ह्यांचा पहिल्यांदा एकही हलला नाही. घरी यायच्या वेळेला दोन हलायला लागले, तेव्हा आजूबाजूच्या पलंगावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. वॉर्डात उकडायचं, ढेकूण होते, पण तिथली माणसं एकमेकांच्या सलाइनवर नजर ठेवायची. शेजारच्या पलंगावरच्या बाईनं मला तिची अर्धी भाकरी दिली. स्पेशल रूममध्ये मला कुणी पाणी विचारलं नव्हतं.

घरी आलो. मला वाटलं, घाण मागं राहिली.

पाहुणे यायला लागले. ह्यांना अंगणात खाटेवर बसवलेलं. मी चुलीपाशी चहा टाकत होते आणि बाहेरून ह्यांचा आवाज आला, "समदं रोखीनं केलं. स्पेशल रूम. आप्पानं दाबून पैसा वतला."

आप्पा भावजी शेजारीच बसलेले. "भावासाठी करावंच लागतं," म्हणाले.

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. दवाखान्यातल्या त्या तुंबलेल्या संडासात मला आली नव्हती एवढी किळस त्या क्षणी आली. कारण बाहेर लासुर्णे गावचे तात्या बायकोला घेऊन येऊन बसलेले होते, ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांच्या छातीतही कळ येते, ते डॉक्टरकडं जात नाहीत, आणि का जात नाहीत हे त्यांच्या बायकोनं मला आदल्याच आठवड्यात रडून सांगितलं होतं. ते हे ऐकून मान खाली घालून म्हणाले, "तुमचं बरं हाय बाबा. आमच्याच्यानं कुटनं हुतंय रोखीनं. हाय तवर हाय."

मी बाहेर आले. डोक्यावरचा पदरही नीट केला नाही.

"तात्या," म्हटलं, "रुपया दिला न्हाय आमी बायपासला. कार्डावर झालं. जनरल वॉर्डात झालं. भावजींनी येक शहाळं आनलं हुतं, ते बी परत नेलं."

आप्पा भावजी उठले, गाडीची किल्ली शोधायला लागले. आमचे हे माझ्यावर खेकसले, "बायकांनी मदी बोलू नये." जोरात बोलल्यानं खोकला आला, उशी जवळ नव्हती. मी धावत जाऊन त्यांच्या छातीशी उशी धरली. खोकला थांबेपर्यंत तशीच धरून राहिले.

तात्यांनी हळूच विचारलं, "खरं का रं, बापू?"

हे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता पुन्हा खोटं बोलतील आणि मग मी काय करीन ते मला सांगता येत नव्हतं. पण त्यांनी सदऱ्याची बटणं काढायला सुरुवात केली. वरपासून खालपर्यंत. गळ्याखालून पोटापर्यंत ती लांब, लाल, सुकत आलेली रेघ उघडी केली.

"बघ," म्हणाले. "पिंजरा फोडत्यात आन् परत तारंनं बांदत्यात. कार्डावर झालं समदं. आपल्याला लाज वाटली, म्हून खोटं बोललो."

तात्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला, परत लावला आणि वाकून बघितलं. हात न लावता, वरच्या वर, त्या रेघेवरून एक बोट फिरवलं.

"दुकतं का?"

"शिंकलं की दुकतं."

मी आत गेले. तात्यांची बायको माझ्या मागोमाग आली, म्हणाली, "आमच्यांच्या आधारवर वय लिवलंय तेवढं बघाल का वो?" आम्ही दोघी आधार घेऊन उजेडात बसलो. सत्तर होऊन गेलेली होती.

तुमच्याही घरात असेल कुणी. आजच बघून ठेवा, कळ यायच्या आधी. केंद्राच्या नोकरीतला किंवा फौजेतून आलेला माणूस असेल तर त्याला आधीची सोय आणि हे कार्ड यातलं एकच निवडावं लागतं, ते शांतपणे विचारून निवडा. बाकीच्यांना निवडण्यासारखं काही नाही, फक्त काढायचं आणि काउंटरवर पहिलं तेच दाखवायचं. दवाखान्याची शिसारी मला जन्मभर राहील आणि आप्पा भावजींशी मी अजून बोलत नाही. पण त्या डबा मिटून उठलेल्या मुलीला आणि अर्धी भाकरी देणाऱ्या बाईला मी रोज दिवा लावताना आठवते. आमचे हे रोज संध्याकाळी बागेपर्यंत चालतात. परवा तात्या त्यांच्याबरोबर होते, कार्डावर ऑपरेशन होऊन आलेले, आणि दोघंही काठीनं एकमेकांना पुढं चल म्हणत होते.